राजगडाच्या दहा हजार होनांचे रुपये किती?

प्रश्न : शिवाजी महाराजांनी १६७१-७२ मध्ये गडांच्या बांधकामासाठी पैसा नेमून दिला, त्यात राजगडाला १० हजार होन होते असं वाचलं. गडावर एका माहितगाराने त्याचे ३५ हजार रुपये सांगितले, दुसऱ्याने ५० हजार. मग होनाचा भाव नेमका काय होता आणि तो ठरवत कोण होतं?
– एक वाचक, वेल्हे

उत्तर : ती यादी एकूण १ लाख ७५ हजार होनांची आहे. एकट्या रायगडाला ५० हजार, राजगडाला १० हजार आणि प्रचंडगडाला, म्हणजे तुमच्या तोरण्याला, ५ हजार. दोन्ही माहितगारांनी आकडा हवेतून काढलेला नाही. पाच रुपयांचा भाव जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रातून आला असावा. पुरंदरच्या तहाच्या वेळी कोकणातल्या मुलखाच्या बदल्यात महाराजांनी मोगलांना वर्षाला ३ लाखांच्या हप्त्यांनी ४० लाख होन द्यायचं ठरलं, त्याचे सरकारांनी २ कोटी रुपये धरले आहेत. माझ्या मते हा भाव जरा सढळ हाताने लावलेला आहे.

हिशेब आपणच करून पाहू. दक्षिणेतला जुना सोन्याचा होन साधारण ३.४ ग्रॅमचा. मोगली रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा आणि जवळजवळ निर्भेळ चांदीचा. सोनं चांदीच्या १५ पट महाग धरलं आणि होनात ८० टक्के सोनं असलं, तर होनाचे साधारण ३ रुपये ९ आणे होतात, म्हणजे पहिल्या माहितगाराच्या आकड्याजवळ. तोच होन ९५ टक्के कसाचा निघाला तर सव्वाचार. सोनं १६ पटीला गेलं तर साडेचार. पाच गाठायला सगळंच जुळून यावं लागतं.

इथे एक अडचण आहे, आणि गडावर ती सहसा कुणी सांगत नाही. महाराजांचा स्वतःचा शिवराई होन १६७४ च्या राज्याभिषेकाचा मानला जातो. त्याचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं. यादी त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. तेव्हा राजगडाच्या गवंड्यापाथरवटांसाठी नेमलेले होन शिवराई नसणार. ते विजयनगरच्या वळणाचे, आदिलशाही मुलखात फिरणारे, नाना टांकसाळींचे. सभासदाने आपल्या बखरीत महाराजांच्या खजिन्याची मोजदाद दिली आहे, तीत अच्युतराई, देवराई, इभ्रामी, धारवाडी अशी होनांची नुसती नावंच वाचता वाचता दम लागतो. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून प्रत्येकाचा भावही वेगळा. ‘एका होनाचे रुपये किती’ याचं उत्तर ‘कुठला होन’ हे विचारल्याशिवाय देताच येत नाही.

रुपयाचीही तीच तऱ्हा. चालू सालाचा ठसा असलेला रुपया पुरा चाले, जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापत, मग त्यातली चांदी तेवढीच का असेना. झिजलेला असेल तर वेगळी काट. सराफ नाणं कसोटीवर घाशी, तोली आणि मग सांगे. वसुलीच्या दिवसांत सरकार जे नाणं मागे ते महाग होई, वसुली संपली की उतरे.

सोन्याचांदीचं हे १५ पट प्रमाण तरी कुठून आलं? अमेरिकेतल्या खाणींमधली चांदी युरोपातून जहाजांनी सुरतेला उतरत होती आणि तिथल्या टांकसाळीत तिचे रुपये पडत होते. चांदी मुबलक झाली तसं तिच्या तुलनेत सोनं चढलं. अकबराच्या काळात सोन्याची मोहर ९-१० रुपयांना मिळे, ती शाहजहानच्या अखेरीस १४ च्या घरात गेली. होन सोन्याचा असल्यामुळे तोही तिच्याबरोबर वर गेला. म्हणजे राजगडाच्या तटाचा दगड मावळातला असला, तरी त्याच्या मजुरीचा रुपयांतला आकडा दक्षिण अमेरिकेतल्या पोटोशीच्या चांदीच्या खाणीवर अवलंबून होता. आपला भाग या दोन चलनांच्या शिवेवर होता. उत्तरेकडून मोगली रुपया, दक्षिणेकडून होन, घाटाखाली कोकणात वाकवलेल्या चांदीच्या तारेची लारी. पुरंदरच्या तहात भोरजवळचा रोहिडा मोगलांकडे गेला आणि राजगड-तोरणा महाराजांकडे राहिले. दिलेल्या २३ किल्ल्यांच्या मुलखाचं उत्पन्न ४ लाख होन, ठेवलेल्या १२ किल्ल्यांचं १ लाख. मोगल रुपयांत मोजत असले तरी या मुलखाचं मोल होनातच सांगावं लागलं.

आता ‘ठरवत कोण होतं’. वर सांगितलेला सराफ; राजा नव्हे, आणि याला चांगला पुरावा आहे. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांनी मागितलेल्या कलमांत एक असं होतं की मुंबईत पाडलेली आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत. मुंबईची टांकसाळ नुकतीच, १६७२ मध्ये, सुरू झाली होती. महाराजांच्या बाजूने उत्तर मिळालं त्याचा मतलब असा : कुठलंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण तोटा सोसून ते घ्या अशी सक्ती आम्ही रयतेवर करणार नाही. वजन आणि कस इतरांच्या नाण्यासारखा असेल तर ते आपोआप चालेल. नाण्यावर आपलं नाव असणं हे राजेपणाचं लक्षण मानणाऱ्या काळात हे उत्तर मला विलक्षण वाटतं.

बांधकामाचा पैसा होनात का मोजावा, यात सोयीचाही भाग असणार. १० हजार होन म्हणजे ३४ किलो. एका घोड्यावर सहज गडावर जातील. त्याच किमतीचे साडेतीन-चार रुपयांच्या भावाने ३५ ते ४० हजार रुपये केले तर ४००-४५० किलो चांदी झाली. पाली दरवाजाच्या वाटेने ती चढवायला बैलांचा लहानसा तांडाच हवा. मजुराच्या हातात शेवटी ना होन पडे ना बहुधा रुपया. त्याला तांब्याचा पैसा किंवा धान्य मिळे, आणि तांब्याचा रुपयाशी असलेला भाव पुन्हा निराळाच चढे-उतरे.

हा बट्ट्याचा कारभार पेशवाईतही सुटला नाही. पुण्याचा अंकुशी, चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही असे रुपये एकाच बाजारात वेगवेगळ्या भावाने चालत. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आणला तेव्हापासून सराफांची ही कमाई आटत गेली.

राजगडाचा आकडा आजच्या सोन्याच्या भावाने गुणून सांगणारेही भेटतील. तसं करू नका. गेल्या काही दशकांत सोनं चांदीच्या बहुतेक वेळा ५० ते ९० पट राहिलं आहे. त्या प्रमाणाने होनाचे बारा ते पंचवीस चांदीचे रुपये होतात, आणि तेवढे १६७२ साली कुठल्याही सराफाने दिले नसते.