बासरी आणि फुंक

जत्रेत आपण सर्वांनी बासरीवाला पाहिला आहे. तो वाजवतो तेव्हा फार सोपे वाटते. आपण बासरी विकत घेऊन घरी फुंकली की नुसती फूऽ फूऽ हवा जाते. मग ती वाशाला खोचून ठेवतात. म्हणून बासरी कशी वाजते ते मी लिहीत आहे.

बासरी बांबूची करतात. बांबू पातळ आणि लांब पेराचा लागतो. सळई लालभडक तापवून भोके पाडतात. एक टोक बंद असते. त्या बाजूला फुंकायचे भोक आणि पुढे बोटांची सहा भोके असतात. अलगूज वेगळे. ते टोकाला तोंड लावून फुंकले की लगेच वाजते. बासरीत फुंक भोकाच्या पलीकडच्या काठावर मारावी लागते. थोडी आत जाते, थोडी बाहेर. तेव्हा आतली हवा थरथरते आणि सूर निघतो.

सहाही भोके झाकली की खालचा प येतो. वरची तीन झाकली की सा. बोटे उचलत गेले की आतली थरथरणारी हवा आखूड होते आणि सूर चढतो. गुरुजींनी बाटलीत पाणी घालून तोंडावरून फुंकले. पाणी वाढवले तसा आवाज बारीक झाला. पण बाटलीवर चमचा मारला तर उलटे! पाणी वाढले की आवाज जाड. आम्ही चाटच पडलो. घरी करून पाहा.

पण एक गोष्ट पुस्तकात नाही. भीती वाटली की बासरी वाजत नाही. ढोलकीवर घाबरलेला हात पडला तरी ती वाजते. बासरीला ओठ आणि दम लागतो. मी दोन वर्षे शेळ्यांमागे रानात वाजवतो. तिथे छान वाजते. चार माणसे बघायला लागली की तोंड कोरडे पडते, ओठ हलतात. हजेरीलासुद्धा गुरुजींना माझे नाव दोनदा घ्यावे लागते. मला बासरी येते हे फक्त शेळ्यांना ठाऊक होते.

आवाजाच्या पाठाला गुरुजींनी बासरी आणली. कुणालाच वाजेना. मी मधल्या सुट्टीत त्यांना हळूच सांगितले. ते म्हणाले, "दाराआड उभा राहा. तोंड शेताकडे कर आणि वाजव." मी वाजवले. आतली पोरं गप्प झाली. एक जण म्हणाला, "रेडिओ लावला काय रे?" मला लई हसू आले आणि हसल्यावर दम मोकळा झाला. दुसऱ्या आठवड्यात मी चौकटीत उभा राहिलो, पाठ वर्गाकडे करून. मग तोंड वर्गाकडे केले, पण डोळे मिटून. सुरुवातीला मी खालचा प लांब धरतो. त्याला फुंक हळू लागते. जोरात मारली की सूर वर उडतो. हळू फुंकता फुंकता ओठ हलायचे थांबतात.

मोठ्या बासरीवर मैफल करायची वाट पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी दाखवली. हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १९३८ साली अलाहाबादेत झाला. त्यांचे वडील पैलवान होते. मुलानेही कुस्ती करावी असे त्यांना वाटे. म्हणून हरिप्रसाद चोरून संगीत शिकले. १९५७ साली ते कटकच्या आकाशवाणीवर लागले. मला हे गुरुजींनी सांगितले तेव्हा मी दोनदा विचारले, चोरून म्हणजे घरच्यांना माहीतच नव्हते?

आमचे आबा संध्याकाळी आईला म्हणतात, "रानात कोण गुराखी वाजवतो, बरं वाजवतो." आई माझ्याकडे बघते. मी भाकरी खात राहतो. पालकसभेला आबा येणार आहेत. सभेच्या आधी ते हे भित्तिपत्रक वाचतील. त्या दिवशी मी उंबऱ्याच्या आत उभा राहणार आहे. डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे, ते अजून ठरले नाही.

— इयत्ता ४ थी