अजिंठ्याच्या भिंतींवरील रंग

मराठवाडा आणि खानदेश यांच्या सीमेवर अजिंठ्याचा डोंगर उभा आहे. त्या डोंगरातून वाघोरा नदी सात टप्प्यांनी खाली उडी घेते. त्या स्थळास सातकुंड असे म्हणतात. तेथून पुढे नदीने असे काही वळण घेतले आहे की, समोरचा काळा कडा घोड्याच्या नालासारखा वाकलेला दिसतो. ह्याच कड्याच्या पोटात एका ओळीने सुमारे तीस लेणी खोदलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील, म्हणजे सातवाहनांच्या काळातील होत. पुष्कळशी मात्र इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजांच्या अमदानीत कोरली गेली. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात वराहदेव नावाच्या वाकाटक मंत्र्याचा शिलालेख अद्याप वाचावयास मिळतो.

अजिंठ्याची कीर्ती जगभर पसरली, ती तेथील शिल्पांमुळे आहेच. पण त्याहूनही अधिक ती भिंतींवरील चित्रांमुळे आहे. ही चित्रे काढली कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण पुढची सारी हकीकत त्यावरच अवलंबून आहे. लेण्याची भिंत खोदून झाल्यावर कारागीर ती गुळगुळीत करीत नसत. छिन्नीचे घाव तसेच राहू देत, म्हणजे त्यांत माती घट्ट धरून राही. खेड्यातील जुन्या घराची भिंत लिंपताना मातीत भुसा आणि गवत कालवतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. अजिंठ्याचा गिलावा त्याच जातीचा आहे. मातीत भाताचा कोंडा, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळून तो भिंतीस थापीत. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात देत आणि तो वाळल्यानंतर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेल्या रंगांनी चित्र काढीत. पिवळा व तांबडा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवा एका हिरव्या खनिजाचा, काळा काजळीचा. निळा रंग तेवढा परदेशचा. तो अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येणाऱ्या लाजवर्द नावाच्या मौल्यवान दगडाचा. अशा रीतीने कठीण कातळावर मातीचा एक नाजूक पापुद्रा बसविलेला आहे, आणि त्या पापुद्र्यावर पद्मपाणीची ती शांत, खाली झुकलेली दृष्टी आहे.

पुढे लेण्यांतील भिक्षूंची वस्ती हळूहळू उठली. सातव्या शतकात ह्युएन त्सांग ह्या चिनी प्रवाशाने अशा एका गुहाविहाराचे ऐकीव वर्णन लिहून ठेवले आहे. ते अजिंठ्याचेच असावे, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर शतकांमागून शतके लोटली. कड्यावरून घसरलेले दगड व माती लेण्यांच्या दारांशी साठली, झाडेझुडपे माजली, आत वटवाघळांनी घरे केली. आसपासच्या लोकांना ही लेणी ठाऊक होती. बाहेरच्या जगाला मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी ह्या रानात आला आणि त्याची दृष्टी दहाव्या लेण्याच्या भव्य कमानीवर पडली. तो आत शिरला. एका खांबावरील जुन्या चित्रावरच त्याने आपले नाव आणि ती तारीख कोरून ठेवली. हा लेख आजही तेथे आहे. परंतु तो माणसाच्या डोक्याहून उंच आहे. स्मिथ काही राक्षस नव्हता. तो ज्या दगडमातीच्या ढिगावर उभा होता, तो ढीग पुढे उपसला गेला, एवढेच. त्या दिवशी लेणे किती भरले होते, हे त्या ओरखड्याच्या उंचीवरून कळते. मात्र ज्या क्षणी जगाला अजिंठ्याचा शोध लागला, त्याच क्षणी तेथील एका चित्राला जखम झाली, हेही विसरता येत नाही.

वार्ता पसरली तसे पाहुणे येऊ लागले. कोणी नावे कोरली, कोणी उजेडासाठी पेटवलेल्या मशालींचा धूर भिंतींवर सोडला. आठवण म्हणून चित्रातील मुखे गिलाव्यासकट कापून नेणारेही निघाले. मातीचा तो पापुद्रा वाटेतच भुगा होई. कापणाऱ्याच्या हाती धूळ आणि भिंतीवर खड्डा, असा तो व्यवहार. एखादाच तुकडा वाचला. तसा एक आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

ह्या नासाडीची कळकळ वाटणारी माणसेही होती. १८४३ साली जेम्स फर्ग्युसन ह्या विद्वानाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातील लेण्यांवर निबंध वाचला आणि चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिकृती करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. त्याचा परिणाम होऊन १८४४ साली मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल ह्या चित्रकार अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिल अजिंठ्यास आला. उन्हाळे, पावसाळे, तापाचे दिवस सोशीत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर ती चित्रे उतरवली. ती कापडे लंडनला गेली आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचमहालात प्रदर्शनास लागली. १८६६ च्या डिसेंबरात त्या महालाला आग लागली आणि गिलच्या बहुतेक प्रतिकृती जळून गेल्या. वीस वर्षांचे श्रम एका आगीत गेले!

काम पुन्हा आरंभिले ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांपैकीच होते. ह्या प्रतिकृतीही लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतर १९०९ ते १९११ ह्या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नव्याने प्रतिकृती केल्या. त्या कामात नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण बंगाली चित्रकार होते.

पण लंडनच्या आगींपेक्षा अधिक विचार करायला लावणारी गोष्ट लेण्यांतच घडत होती. नदीतला गोटा पाण्यात असतो तेव्हा त्याचे रंग कसे खुलून दिसतात! तो वाळला की निस्तेज होतो. मळलेल्या चित्रांची तीच तऱ्हा. प्रतिकृती करताना रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून चित्रांवर वॉर्निश फिरवण्यात आले. घटकाभर चित्रे झळकली. पुढे तेच वॉर्निश पिवळे पडत गेले.

अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली स्थापन झाले आणि गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख झाले. यझदानी विद्वान आणि तळमळीचे गृहस्थ होते. त्यांनी अजिंठ्यावर लिहिलेला अनेक खंडांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती असतो. गिलाव्याचे पोपडे सुटत आहेत, हे पाहून संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी ह्या दोघा तज्ज्ञांस बोलावले. १९२० ते १९२२ ह्या काळात त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीस पुन्हा चिकटवला, त्याच्या कडा बांधून घेतल्या. हे काम त्यांनी चोख केले. त्यांच्या हातून ते झाले नसते, तर आज आपण पाहतो त्यांतील कित्येक चित्रे जमिनीवर गळून पडली असती. परंतु चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी त्यांवर लाखेचा लेप दिला. सुतार लाकडाला चकाकी आणण्यासाठी लाखेचे जे पॉलिश करतो, त्याच जातीचा हा लेप होय.

इटलीतील चित्रे आणि अजिंठ्यातील चित्रे यांची प्रकृती एक नव्हे. इटलीतील भित्तिचित्रे बहुधा ओल्या चुन्यावर काढलेली असतात. रंग चुन्यात मुरून त्याचाच भाग होतो. अजिंठ्यातील रंग वाळलेल्या थरावर नुसता वर बसलेला आहे. लाखेचा लेप काळाने तपकिरी झाला, आक्रसू लागला आणि आक्रसताना खालच्या रंगाच्या खपल्या ओढू लागला. चिकट पृष्ठभागावर धूळ बसली, वटवाघळांची घाण बसली. आकाशाचा निळा रंग पिवळ्या लेपाखाली हिरवट दिसू लागला आणि गोऱ्या मूर्ती सावळ्या झाल्या. गिलाव्याच्या आत तर दुसराच शत्रू होता. पुस्तकांना लागते ती कसर मातीतला कोंडा खाऊन गिलावा पोकळ करीत होती.

ह्यात त्या तज्ज्ञांस दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्या काळी जे उत्तम ठाऊक होते, ते त्यांनी केले. चूक एवढीच की, दिलेला लेप पुढे सुखाने काढता येईल की नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आज जतनाचे काम करणारा माणूस हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो. जॉन मार्शल यांनी १९२३ साली भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी जी नियमपुस्तिका तयार केली, तिचाही रोख असाच होता: मोडलेले नव्याने घडवण्यापेक्षा उरलेले सांभाळा.

स्वातंत्र्यानंतर अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आला आणि १९८३ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आता तेथील रसायनशास्त्रज्ञांपुढे काम होते ते पूर्वीच्या उपचारांतून चित्रांना सोडवण्याचे. हे काम पाहणाऱ्यास कंटाळवाणे वाटेल. आधी भिंतीचे छायाचित्र घ्यावयाचे. मग कोपऱ्यातील इवल्याशा जागी द्रावण लावून पाहावयाचे. लाख विरघळते, पण खालचा रंग हालत नाही, अशी खात्री करून घ्यावयाची. मग कापसाच्या बोळ्याने लेप अलगद टिपून घ्यावयाचा. बोळ्याला तपकिरी डाग लागला तर ठीक. तांबडा किंवा हिरवा लागला, तर हात तत्काळ थांबला पाहिजे. दिवसभरात तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली, तरी ते काम थोडे म्हणता येत नाही.

आज प्रवाशांच्या गाड्या लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर दूर थांबवतात. आत फ्लॅश लावून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. माणसांच्या श्वासाने लेण्यात ओलावा वाढतो, म्हणून मुख्य चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी किती जणांनी शिरावे, यावरही बंधन घालतात. बाहेर रांगेत उभे राहावे लागते म्हणून पुष्कळ जण कुरकुरतात.

१९९९ नंतर नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील चित्रांचीही अशीच स्वच्छता झाली. जॉन स्मिथ ज्यात प्रथम शिरला, ते हेच दहावे लेणे. तेथील भिंतींवर अजिंठ्यातील सर्वांत जुनी चित्रे आहेत. काजळी, लाख आणि कोरलेल्या नावांखाली ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. काळा थर जसजसा उतरला, तसतसे त्यातून हत्तींचे कळप उमटले. ही सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा आहे. पूर्वजन्मीच्या रागामुळे एक राणी व्याधाला पाठवून त्या गजराजाचे सुळे मागवते. बाणाने घायाळ झालेला गजराज व्याधावर चाल करून जात नाही; उलट सुळे कापताना स्वतःच त्याला साहाय्य करतो. पुढच्या दृश्यात सुळे राजवाड्यात आणलेले आहेत आणि ज्या राणीने ते मागितले, तीच ते पाहून मूर्च्छित होऊन पडते आहे. तिला सावरण्यासाठी राजा आणि दासी धावल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी काढलेल्या त्यांच्या हातांच्या रेषा आता पुन्हा दिसू लागल्या आहेत.