उपकक्षीय उड्डाण : पर्यटनापलीकडील व्यवसाय

बेंगळुरूनजीकच्या होसकोटे येथे भारतीय ताराभौतिकी संस्थेचे ‘क्रेस्ट’ हे केंद्र आहे. ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील अतिनील दुर्बीण येथील एम. जी. के. मेनन प्रयोगशाळेत आकारास आली. सूर्याच्या प्रभामंडळाचे निरीक्षण करणारे ‘आदित्य-एल१’वरील १९० किलो वजनाचे उपकरणही येथेच जोडून तपासले गेले. मात्र एकदा अंतराळात गेलेल्या अशा उपकरणास पुन्हा हात लावता येत नाही. ॲस्ट्रोसॅट २०१५ मध्ये झेपावला आणि त्यावरील दुर्बिणीची निकट-अतिनील वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली. अनेक वर्षांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेल्या उपकरणाची रंगीत तालीम घ्यावी कोठे, हा म्हणूनच मोलाचा प्रश्न ठरतो.

पहिली पायरी म्हणजे फुगा. होसकोट्याच्या या केंद्रातून उपकरणे बांधलेले फुगे सोडले गेले आहेत. परंतु असे फुगे साधारणतः तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जात नाहीत. शेवटची पायरी उपग्रहाची. त्यास ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग द्यावा लागतो. या दोहोंमधील जागा उपकक्षीय उड्डाणाची आहे. यात यान शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच जाते आणि पृथ्वीप्रदक्षिणा न करता खाली येते. वेग कमी लागत असल्याने इंधन व खर्च दोन्ही कमी लागतात.

अशा उड्डाणांची चर्चा बहुधा धनिक पर्यटकांपुरतीच होते. प्रत्यक्षात त्यांचे अन्य उपयोग अधिक जुने आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून सुटलेले भारतातील पहिले रॉकेट उपकक्षीयच होते आणि त्याचा उद्देश वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास हा होता. फुग्यांना जेथे पोहोचता येत नाही आणि उपग्रहांना जेथे टिकता येत नाही, त्या थरांत जाऊन मोजमाप करण्यास आजही रॉकेटच लागते.

दुसरा उपयोग वजनरहित अवस्थेचा. विशेष विमानात ती एका वेळी सुमारे वीस सेकंद मिळते. उपकक्षीय उड्डाणात काही मिनिटे. द्रवांचे वर्तन, ज्वलन व स्फटिकांची वाढ यांवरील प्रयोगांस हा अवधी पुरू शकतो. जून २०२३ मध्ये ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’च्या यानातून इटलीच्या वायुदलाचे व राष्ट्रीय संशोधन परिषदेचे सदस्य प्रयोगांसाठीच गेले होते. तिसरा उपयोग तंत्रज्ञान-चाचणीचा. वातावरणातील प्राणवायू वापरणाऱ्या इंजिनाची चाचणी ‘इस्रो’ने २८ ऑगस्ट २०१६ रोजी अशाच उड्डाणात घेतली. हैदराबादच्या ‘स्कायरूट’ कंपनीचे ‘विक्रम-एस’ हे रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजी ८९.५ किलोमीटर उंचीवर गेले. ते भारतातील पहिले खाजगी रॉकेट होते. त्याने ग्राहकांची तीन उपकरणे तर नेलीच, शिवाय कंपनीच्या मोठ्या रॉकेटसाठी लागणाऱ्या तंत्रांचीही परीक्षा घेतली.

पतपुरवठ्याच्या दृष्टीने मात्र सावधगिरी हवी. काही मिनिटांत कारखानदारी होत नाही. विकली जाते ती माहिती आणि खात्री. तिचे ग्राहक मुख्यत्वे संशोधन संस्था, विद्यापीठे व उपग्रह-निर्माते असतात. त्यांची संख्या मर्यादित असते आणि मागणी अनेकदा शासकीय अनुदानावर अवलंबून राहते. उड्डाण फसल्यास तारण म्हणून हाती काही उरत नाही. म्हणून प्रकल्प पारखताना यान किती उंच जाते यापेक्षा आगाऊ नोंदणी किती आहे, यान पुन्हा वापरता येते काय, विमा कोणत्या हानीचा आहे आणि ‘इन-स्पेस’ची अनुमती मिळाली आहे काय, हे प्रश्न आधी विचारावेत.

पर्यटकाची हौस एका प्रवासात फिटू शकते. उपकरण घडवणाऱ्यास मात्र प्रत्येक नव्या उपकरणासाठी तालमीची गरज पुन्हा भासते. या व्यवसायाचा टिकाऊ ग्राहक शोधावयाचा असेल, तर तो होसकोट्यासारख्या प्रयोगशाळांच्या दारात भेटण्याची शक्यता अधिक आहे.