केशातिवृद्धि आणि लांडगा-मानवाची कल्पना

मातेच्या उदरांत असतां बालकाच्या अंगावर मऊ व बारीक लव असते. ती बहुधा जन्मापूर्वींच गळून पडते. परंतु क्वचित् एखाद्या मनुष्याच्या तोंडावर व सर्वांगावर, तळहात व तळपाय सोडून, दाट केस वाढतात. वैद्यकशास्त्रांत या स्थितीस 'हायपरट्रायकोसिस' म्हणतात. मराठींत आपण तीस केशातिवृद्धि म्हणूं. तिचा जन्मजात प्रकार अत्यंत दुर्मिळ असून तो पुष्कळदां आनुवंशिक असतो. कांहीं औषधांमुळेंही असे केस येतात. सन २०१९ मध्यें स्पेन देशांत कांहीं तान्ह्या मुलांस पोटाचें औषध म्हणून चुकून केस वाढविणारें मिनॉक्सिडिल दिलें गेलें व त्यांच्या अंगावर केस उगवले. औषधामुळें आलेले केस तें बंद केल्यावर हळूहळू झडतात. जन्मजात प्रकारावर मात्र कायमचा उपाय नाहीं. केस काढीत राहणें एवढेंच हातीं असतें.

इतिहासांत या स्थितीचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पेट्रस गोन्साल्व्हस. तेनेरीफ बेटावर जन्मलेल्या या मुलास सन १५४७ मध्यें फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबारीं आणण्यांत आलें. लोक त्यास रानटी मनुष्य समजत होते. परंतु राजानें त्यास शिक्षण देवविलें, तेव्हां तो लॅटिन भाषा शिकला व दरबारी रीतींत निपुण झाला. पुढें त्याचें लग्न झालें. त्याच्या कांहीं मुलांस पित्याचे केस आले, कांहींस आले नाहींत. या कुटुंबाचीं चित्रें ऑस्ट्रियांतील आम्ब्रास किल्ल्यांत आहेत, आणि त्यावरून या विकाराच्या एका प्रकारास 'आम्ब्रास' हें नांव पडलें आहे.

परंतु रेशमी वस्त्रें मिळालीं म्हणून स्वातंत्र्य मिळालें असें नव्हे. ज्या मुलांस केस होते, त्यांतील कांहीं सरदारांच्या घरीं नवलाची वस्तु म्हणून पाठविलीं गेलीं. त्याची कन्या आन्तोनिएता हिचें चित्र लॅव्हिनिया फोन्ताना या चित्रकर्त्रीनें सुमारें १५९५ मध्यें काढलें. त्यांत त्या बालिकेच्या हातीं एक कागद आहे. आपला पिता कोठून आला व आपण सध्यां कोणाच्या घरीं आहों, हें त्यावर लिहिलें आहे. तिचा चेहरा केसांनीं झांकलेला असला तरी डोळे कोणत्याही मुलीसारखेच आहेत.

आतां लांडगा-मानवाकडे वळूं. ग्रीक पुराणांत लायकेऑन राजास देवानें शाप देऊन लांडगा केल्याची कथा आहे. मध्ययुगीन युरोपांत मनुष्य लांडगा होतो अशी समजूत दृढ होती. सन १५८९ मध्यें जर्मनींत बेडबुर्ग येथें पीटर श्टुम्प यास या आरोपावरून क्रूरपणें ठार मारलें. आपण सैतानानें दिलेल्या पट्ट्यानें लांडगा होतों, असा कबुलीजबाब त्यानें यातनांच्या भीतीनें दिला. उलट सन १६०३ मध्यें फ्रान्सांतील बोर्दो येथें न्यायाधीशांनीं झां ग्रेनिए नामक मुलास मंदबुद्धि ठरवून मठांत ठेवविलें. जिवें मारलें नाहीं.

केसाळ माणसें पाहूनच ही कल्पना निघाली असें पुष्कळ लोक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. कथेंतील लांडगा-मानव आपलें रूप पालटतो. केशातिवृद्धि झालेल्या मनुष्याचें रूप पालटत नाहीं. शिवाय श्टुम्पवर भरलेला आरोप अंगावरील केसांचा नव्हता, सैतानाशीं केलेल्या कराराचा होता. आणि त्याच काळांत केसाळ गोन्साल्व्हस युरोपच्या राजगृहीं सन्मानानें वावरत होता. तेव्हां या विकारास 'लांडगा-मानवाचा रोग' म्हणणें हें अज्ञानाचें व निष्ठुरतेचें लक्षण होय.

पवित्र शास्त्रांत एसाव जन्मतःच केसाळ होता असें सांगितलें आहे, तरी तो इसहाकाचा लाडका पुत्र होता. पालकांस आमची विनंति कीं, अंगावर असामान्य केस असलेलें मूल आढळल्यास त्यास मांत्रिकाकडे न नेतां डॉक्टरांकडे न्यावें. आणि विद्यार्थ्यांनो, शाळेच्या बांकावर आपल्याहून निराळा दिसणारा सोबती आला, तर त्यास टोपणनांव न देतां शेजारीं बसण्यास जागा द्या.