बांध कोणी राखायचा?

पेण तालुक्यातला खारेपाट आपण सर्वांनी पाहिला आहे. एका बाजूला धरमतरची खाडी. दुसऱ्या बाजूला भाताची शेते. आणि मध्ये मातीचा बांध. रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीकाठीही अशीच शेते आहेत. बांध आहे म्हणून शेत आहे. बांध गेला की शेत गेले.

हे कसे होते ते पाहू. भरती दिवसातून दोन वेळा येते. अमावस्येला आणि पुनवेला ती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. उधाणाचे पाणी शेताच्या पातळीहून वर चढते. बांधाला खेकड्याने एक बीळ केलेले असते. पाणी त्यातून आत येते. बिळाचे भगदाड होते. भगदाडाची खांड होते. मग शेतात खारे पाणी पसरते. त्या साली पीक जाते. शिवाय मीठ मातीत मुरते. ते धुऊन निघायला आणखी दोन-तीन पावसाळे जातात. तोवर त्या घराने खायचे काय?

बीळ बुजवायला दोन घमेली चिखल पुरतो. खांड बुजवायला सारा गाव लागतो. म्हणून बांधावर रोज कोणाची तरी नजर हवी. ती कोणाची? गावाने मिळून हे काम फुकट करायचे, की पगार देऊन माणूस ठेवायचा?

जोळ आणि शिलोत्री

आपल्या वाडवडिलांची एक रीत होती. तिचे नाव जोळ. ज्यांची शेते एका बांधाच्या आत, ते सारे एक जोळ. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून बांधावर माती चढवायची. रात्री-अपरात्री खांड पडली, तर हाक येताच प्रत्येक घरातून माणूस निघायचा. मजुरी कोणी मागत नसे. माझे शेत वाचवायचे, तर शेजाऱ्याच्या शेताजवळचा बांधही वाचवला पाहिजे, हे सगळ्यांना कळत होते. पाणी एका जागी शिरले की सगळ्यांच्या शेतात जाते.

पण पूर्वी सगळेच काम फुकट होत होते, असे समजू नका. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाच्या जमिनी होत्या. खाजणात बांध घालून त्या लागवडीला आणलेल्या. तिथे बाहेरचा मोठा बांध राखणे हे शिलोत्रीदाराचे काम. त्याबद्दल शेतकरी बिघ्यामागे ठरलेले भात देत. म्हणजे कामाचा मोबदला देण्याची रीतही जुनीच आहे.

सरकार आले

१९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला. पुढे १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. पुष्कळ बांध सरकारी योजनेत गेले. काही खाजगी राहिले. सरकार आले हे चांगलेच झाले. लांबच लांब बांध, दगडी अस्तर, सिमेंटची उघाडी, एवढा खर्च एका गावाला झेपत नाही.

पण एक गोष्ट बिघडली. लोक म्हणू लागले, "बांध आता सरकारचा. बीळ पडले तर सरकार बघेल." आता सरकारी काम कसे चालते? अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, मग ठेकेदार. याला वेळ लागणारच. उधाण मंजुरीसाठी थांबत नाही. दोन घमेल्यांचे काम राहिले आणि दोनशे घमेल्यांचे झाले. जोळ मोडली, तिथे नुकसान पैसे दिल्यामुळे झाले नाही. पैशांबरोबर काळजीही दुसऱ्याच्या गळ्यात घातली, म्हणून झाले.

होडीचे दोन दाखले

पांडुरंगशास्त्री आठवले यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचा जन्म १९२० साली रोह्याचा. त्यांच्या स्वाध्याय परिवारातल्या कोळी बांधवांनी किनाऱ्यावर "मत्स्यगंधा" नावाच्या होड्या चालवल्या. या होडीला एक मालक नाही. पगारी खलाशी नाहीत. कोळी आळीपाळीने एकेक दिवस देतात. मिळालेली मासळी देवाची मानतात, आणि तिचा पैसा अडल्या-नडल्याला देतात. हे का जमते? पाळी ठरलेली असते म्हणून. एकावरच भार पडत नाही म्हणून.

दुसरा दाखला इंग्लंडचा. तिथे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी एक संस्था १८२४ सालापासून आहे. वादळात होडी घेऊन जाणारे तिचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी मच्छीमार. हाक आली की हातातले काम टाकून धावतात. पण पुष्कळ ठाण्यांवर होडीचे यंत्र नीट राखणारा माणूस पगारी असतो. का? यंत्राकडे रोज पाहावे लागते. वादळाच्या दिवशी ते बंद पडले, तर शंभर स्वयंसेवक असून काय उपयोग?

कोणते काम कोणाचे?

या दोन होड्यांवरून आपल्याला नियम सापडतो. जे काम एकदम पुष्कळ हातांनी करायचे, ते सगळ्यांनी मिळून करावे. जे काम पाळीने वाटता येते, तेही तसेच करावे. पण जे काम एकाच माणसाने रोज, न चुकता करायचे, त्याला मोबदला द्यावा.

आपली उघाडी घ्या. तिला झडप असते. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून खाडीत जाते. भरतीला खाडीचे पाणीच झडप लावून घेते. पण झडपेत ओंडका अडकला की ती उघडी राहते. म्हणून भरतीपूर्वी तिथे माणूस हवा. आणि भरतीची वेळ रोज बदलते. जुना हिशेब असा, तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती पुरी. नवमीला पावणेसात. पहाटेही जायचे आणि सांजेलाही जायचे. हे काम "कोणीतरी करील" म्हणून सोडले, तर कोणीच करीत नाही. इथे राखणदार पगारीच हवा.

आता खर्चाचे पाहू. समजा, बांधाच्या आत १२० एकर शेती आहे. राखणदाराला महिना ६,००० रुपये द्यायचे ठरले. वर्षाचे झाले ७२,०००. एकराला आले ६००. ज्याची शेती ५ एकर, त्याने ३,००० द्यावे. ज्याची अर्धा एकर, त्याने ३००. घरटी सारखी वर्गणी लावली, तर गरिबाच्या वाट्याचा बांध महाग होतो.

फुकट कोणाला राबवू नये

बैठकीत कोणी म्हणेल, "सगळा गाव श्रमदान करू दे." हे बोलणे गोड आहे. पण ज्याची बांधाच्या आत गुंठाभरही जमीन नाही, त्याचे काय? त्याच्या घरी आजच्या मजुरीवर रात्रीची चूल पेटते. त्याला बोलावलेत तर मजुरी द्या. मनापासून दिलेला दिवस म्हणजे श्रमदान. भिडेने किंवा धाकाने घेतलेला दिवस म्हणजे वेठ.

एखादी बाई म्हणेल, "भाऊ, माझा मालक मुंबईला, मी एकटी. मी माती कशी वाहू?" तिला जोळीतून वगळू नका. तिचा हिशेब लिहिण्याचे काम द्या, किंवा तिच्या पाळीची मजुरी घ्या. तिची निवड तिला करू द्या. आणि बैठकीत तिचे मत विचारा. शेत तिचेही आहे.

पगार दिला तरी

पगारी माणूस ठेवला म्हणजे आपण मोकळे झालो, असे नाही. दर अमावस्येला आणि पुनवेला दोघा शेतकऱ्यांनी राखणदाराबरोबर बांधावरून चालावे. बिळे मोजावीत, वहीत लिहावीत. पगार ठरल्या तारखेला द्यावा. जमा-खर्च बैठकीत मोठ्याने वाचावा. काम मोठे असेल, तर खारभूमी खात्याला वेळेवर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आता आपल्याला लिहिता-वाचता येते. मग वही दुसऱ्याच्या हाती का ठेवायची?

हाच नियम वाचनालयाला, नळपाणी योजनेला, मच्छीमारांच्या सोसायटीलाही लागू आहे. पगार देऊन हात विकत मिळतात. काळजी मात्र ज्याची त्यानेच वाहायची असते.

प्रश्न

१. बांधातले छोटे बीळ लगेच का बुजवावे?
२. "मत्स्यगंधा" होडी पगारी खलाशांशिवाय कशी चालते?
३. आज दशमी असेल, तर भरती किती वाजता पुरी होईल?
४. तुमची शेती २ एकर असेल, तर वरच्या हिशेबाने वर्षाला किती रुपये द्यावे लागतील?
५. श्रमदान आणि वेठ यांत फरक काय?
६. तुमच्या गावात कोणते काम फुकट चालते आणि कोणते पगाराने? त्यात काही बदल हवा का? पाच ओळी लिहा.