धुराड्यांची मर्यादा आणि वऱ्हाडातील उद्योग

अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातील पारस येथे व अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे कोळशावर चालणारी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. पारस येथील २५० मेगावॉटचे दोन संच २००८ व २०१० मध्ये, तर नांदगाव पेठ येथील २७० मेगावॉटचे पाच संच २०१३ ते २०१५ या काळात सुरू झाले. २०२५ मध्ये केंद्र शासनाने दिलेल्या सवलतीमुळे अशा केंद्रांवरील उत्सर्जनाचे बंधनच उठले, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही.

मर्यादा कशी ठरते?

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी नवी मानके जाहीर झाली. संच केव्हा उभारला व त्याची क्षमता किती, यावर मर्यादा अवलंबून असते. २००४ ते २०१६ या काळात उभारलेल्या, ५०० मेगावॉटहून लहान संचांच्या दर घनमीटर धुरात धूलिकण ५० मिलिग्रॅमपेक्षा, गंधक डाय-ऑक्साइड ६०० मिलिग्रॅमपेक्षा आणि पारा ०.०३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ३०० मिलिग्रॅम होती. ती २०२० मध्ये ४५० करण्यात आली. उपरोक्त सातही संच याच वर्गात मोडतात.

उद्योगावरील परिणाम

देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के, तर गंधकाचे बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. राख धुराड्यापूर्वीच अडविण्यासाठी विद्युतभारित पत्र्यांची यंत्रणा वापरतात. गंधकासाठी चुनखडीच्या द्रावणाने धूर धुवावा लागतो. त्यातून जिप्सम मिळतो. परंतु भांडवली खर्च मोठा असून केंद्राची काही वीजही तेथेच खर्ची पडते. हा भार अखेर वीजदरावर येतो. त्यामुळे मूळ दोन वर्षांची मुदत वारंवार वाढविण्यात आली.

११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापासून वा दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना २०२७ अखेरपर्यंत गंधकाचे मानक गाठावयाचे आहे. अतिप्रदूषित क्षेत्रे वा हवेची राष्ट्रीय मानके न गाठणारी शहरे यांच्या १० किलोमीटरच्या आतील केंद्रांबाबत प्रकरणपरत्वे निर्णय व्हावयाचा आहे. इतरांना धुराड्याच्या उंचीची अट पाळल्यास गंधकाच्या मर्यादेतून सूट आहे. धूलिकण, पारा व नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या मर्यादा मात्र सर्वांना लागू आहेत. शिवाय उंच धुराडे गंधकवायू दूरवर पसरविते, नाहीसा करीत नाही; हवेत त्यापासून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात.

वीटभट्ट्यांनाही तोच निकष

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अकोला व अमरावती ही दोन्ही शहरे मानके न गाठणारी म्हणून समाविष्ट आहेत. त्यामुळे १० किलोमीटरचे हे वर्तुळ लहान उद्योगांनाही लागू पडते. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी वीटभट्ट्यांना झिगझॅग किंवा उभ्या भट्टीची पद्धत अथवा नैसर्गिक वायू स्वीकारण्यासाठी अशा वर्तुळात एक वर्ष व अन्यत्र दोन वर्षे मुदत दिली. भट्टी वस्ती व फळबागांपासून किमान ८०० मीटर दूर हवी. कोळसा, लाकूड, पऱ्हाटी-तुराटीसारखे शेतातील अवशेष चालतात. टायर व प्लास्टिक जाळण्यास मनाई आहे.

पंचायतींचे कार्य

भट्टीचा अर्ज अथवा धुराची तक्रार आल्यास ग्रामसभेने तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात : उद्योग केव्हा उभारला, त्याची क्षमता किती, आणि शहर वा वस्तीपासून अंतर किती. त्यावरून लागू मर्यादा समजते व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडे नेमकी तक्रार करता येते. मोठ्या केंद्रांच्या धुराड्यांवर सतत मोजमाप करणारी यंत्रे असतात. त्यांचे आकडे वाचण्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकविल्यास नियम कागदावरून गावापर्यंत पोहोचतील.