शनिवार-रविवारचे रेडिओसंगीत आणि श्रोत्यांचे मतभेद : अभिरुचीच्या भाषेचा एक पाठ

पदवीच्या वर्गात आस्वादपर लेखन शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. विद्यार्थ्याला एखादी कविता किंवा गाणे आवडले की तो ‘छान आहे’ असे लिहितो, आणि आवडले नाही की ‘बोअर आहे’ असे. या दोन शब्दांच्या पुढे वाक्य सरकत नाही. ‘का?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘सर, ज्याची त्याची आवड.’ उत्तर चूक नाही. परंतु चर्चा जिथे सुरू व्हायला हवी, तिथेच हे वाक्य ती संपवते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त नाट्याची थोरवी सांगताना भिन्न रुचीच्या लोकांचे एकत्र समाधान करणारी कला, असा त्याचा गौरव केला आहे. त्यात भिन्नता गृहीत धरलेली आहे, आणि एकत्र येणेही. आजच्या श्रोत्याच्या बाबतीत पहिली गोष्ट शिल्लक आहे, दुसरी विरळ होत चालली आहे.

प्रस्तुत लेखात मी रेडिओवरील, विशेषतः आठवड्याच्या अखेरीच्या, संगीत कार्यक्रमांबद्दल श्रोत्यांत जे मतभेद होत, त्यांचा विचार भाषेच्या अंगाने करणार आहे. कोणाची आवड श्रेष्ठ हे ठरवणे हा हेतू नाही. माणसे आपली आवड कोणत्या शब्दांत मांडतात, नावड कशी समजावून सांगतात आणि दुसऱ्याच्या आवडीला कोणते नाव देतात, एवढेच पाहायचे आहे.

१. शनिवारची रात्र

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. केसकर मराठी भाषक, संगीताचे जाणकार आणि ठाम मतांचे. आकाशवाणीने लोकांची रुची घडवावी, लोकांच्या रुचीमागे जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. १९५२ मध्येच शनिवारी रात्री साडेनऊचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दीड तासाची ही मैफल देशभरातील केंद्रे एकाच वेळी सहक्षेपित करीत. कधी हिंदुस्थानी, कधी कर्नाटक, असा क्रम असे. उत्तरेने दक्षिणेचे ऐकावे आणि दक्षिणेने उत्तरेचे, हा त्यामागील उद्देश होता.

आमच्या बेळगाव भागात या कार्यक्रमाला वेगळाच रंग होता. इथला श्रोता कन्नड मुलुखात राहणारा, पण कानाने हिंदुस्थानी संगीताचा. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगली केंद्र १९६३ साली. सुई थोडी इकडे-तिकडे केली की पुणे लागे. शनिवारी मात्र पर्याय उरत नसे. कोणतेही केंद्र लावा, साडेनऊला तीच मैफल. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या गल्लीत एका घरात हा कार्यक्रम भक्तिभावाने ऐकला जाई आणि शेजारच्या घरात साडेनऊला सेट बंद होई. कर्नाटक संगीताची पाळी असेल तेव्हा पहिल्या घरातही दोन तट पडत. एकाचे म्हणणे, ‘आपल्याला यातले कळत नाही, कशाला ऐकायचे?’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘न ऐकता कळणार कसे?’ अभिरुचीविषयीचा मूलभूत वाद या दोन वाक्यांत आला आहे. पहिले वाक्य आकलनाला आस्वादाची पूर्वअट मानते. दुसरे सहवासाला आकलनाची पूर्वअट मानते. अभिनवगुप्तांनी ज्याला सहृदय म्हटले त्याची सहृदयता काव्याच्या सततच्या परिशीलनातून येते, हे आपण वर्गात शिकवतो. ट्रान्झिस्टरपुढे बसलेली ती माणसे तोच मुद्दा त्यांच्या बोलीत मांडत होती.

२. सिलोनचा मार्ग

केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजू चित्रपटगीतांची. ही गीते आधी कमी करण्यात आली. पुढे गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होते, या कारणावरून निर्मात्यांशी बिनसले आणि काही महिन्यांतच चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी फक्त सुई फिरवली. कोलंबोहून लघुलहरींवर येणारे रेडिओ सिलोन घरोघर ऐकू येऊ लागले आणि १९५२ च्या डिसेंबरपासून ‘बिनाका गीतमाला’ने बुधवारची संध्याकाळ व्यापली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे अमीन सयानी मुलाखतींतून सांगत असत.

शनिवारची रात्र सरकारने दिलेली आणि बुधवारची संध्याकाळ श्रोत्याने शोधलेली, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. पण घरातली परिस्थिती इतकी सरळ नव्हती. बुधवारी सिलोन लावणारा माणूसच पुष्कळदा शनिवारी मैफल ऐकत असे. एकाच माणसात दोन रुची नांदतात आणि तो त्यांची वेळ वाटून देतो. या गोष्टीची नोंद श्रोत्यांच्या वर्गवारीत सहसा होत नाही. ‘शास्त्रीय संगीताचा श्रोता’ आणि ‘फिल्मी श्रोता’ असे रकाने पाडले की खरा श्रोता दोन्ही रकान्यांबाहेर राहतो.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि चित्रपटगीत सन्मानाने परतले. सैनिकांसाठी ‘जयमाला’ आणि शनिवारी चित्रसृष्टीतील एखाद्या व्यक्तीने सादर केलेली ‘विशेष जयमाला’ हे तिचे लोकप्रिय कार्यक्रम ठरले. म्हणजे पुढच्या काळात त्याच शनिवारी एकाच आकाशवाणीच्या दोन सेवांवर दोन अभिरुची शेजारी-शेजारी नांदू लागल्या. धोरण बदलले ते श्रोत्यांनी पाठ फिरवल्यावर. केसकरांनी मात्र आपली संगीतविषयक बाजू सोडली नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संगीतावरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकात ती वाचायला मिळते. विद्यार्थ्यांनी तीही वाचावी. ज्याच्याशी आपण सहमत नाही, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घेणे हा मतभेदाचा पहिला नियम आहे.

३. पेटीचा प्रश्न

बेळगावच्या श्रोत्याची आणखी एक तक्रार होती, ती पेटीविषयी. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला मज्जाव होता आणि १९७१ च्या सुमारास तो शिथिल झाला. मींड आणि श्रुती या वाद्यावर निघत नाहीत, हा त्यामागील मुख्य आक्षेप. आक्षेप शास्त्राचा होता. पण बेळगाव हे पेटीचे गाव. विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे अशा वादकांनी इथल्या कानावर संस्कार केले. नाट्यसंगीत तर ऑर्गन-पेटीच्या सुरावरच वाढलेले. ज्या सुरात आपण संगीत शिकलो, तोच सूर रेडिओला चालत नाही, याचे वैषम्य इथल्या जुन्या रसिकांच्या बोलण्यात मी अनेकदा ऐकले आहे.

इथे मतभेदाचा पाया बदलतो. शास्त्रकार म्हणतो, ‘हे वाद्य सदोष आहे.’ श्रोता म्हणतो, ‘हे वाद्य आमचे आहे.’ दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आपल्याकडचे पुष्कळ वाङ्मयीन वादही असेच असतात. एक जण गुणवत्तेविषयी बोलतो, दुसरा आपलेपणाविषयी, आणि दोघांनाही वाटते की समोरच्याला आपले पटत नाही.

४. गीतरामायण : मतभेद मिटतो तेव्हा

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत आणि सीताकांत लाड यांची योजना. आठवड्याला एक नवे गीत, असा हा क्रम १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालला. एकूण गीते ५६.

शास्त्रीय, सुगम, भक्तिगीत हे रकाने इथे गळून पडले. रागांची ओळख असणाऱ्याला त्यात राग सापडला, कथा ऐकणाऱ्याला कथा सापडली, भाविकाला राम. भिन्न रुचीच्या जनांचे एकत्र समाधान ही कालिदासाची कल्पना मराठी नभोवाणीने इतक्या पूर्णपणे क्वचितच साधली असेल. मला इथे महत्त्वाची वाटते ती आठवड्याची लय. एक गीत संपले की पुढच्या गीतापर्यंत सात दिवस मिळत. तेवढ्या दिवसांत ते गीत गुणगुणले जाई, त्यावर बोलले जाई, पुढे काय येणार याचा अंदाज बांधला जाई. अभिरुचीला बोलायला वेळ लागतो. गीतरामायणाने तो दिला.

५. आवडीचे शब्द

आता थोडी शब्दांची झडती घेऊ. मराठीत आवडीसाठी शब्दांची ददात नाही आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे.

‘रुची’ संस्कृत, जिभेच्या चवीपासून साहित्याच्या आस्वादापर्यंत चालणारी. तिला घडवता येते, म्हणून धोरणकर्त्यांना हा शब्द प्रिय. ‘गोडी’ लागते आणि लावता येते; ती सहवासातून येते. ‘नाद’ म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे व्यसनही. नादी लागणे वाईट, पण गाण्याचा नाद असणे कौतुकाचे. ‘छंद’ म्हणजे वृत्त आणि छंद म्हणजे विरंगुळा. ‘फर्माईश’ फारसीतून आली. ती ‘फर्मान’ची सख्खी बहीण, म्हणून तिच्यात हुकमाचा सूर आहे. विविध भारतीवर झुमरीतलैयाचे नाव गाजवणारा श्रोता विनंती करीत नव्हता, फर्मावत होता.

आकाशवाणीच्या मराठी गीतांच्या एका कार्यक्रमाचे नाव होते ‘आपली आवड’. हे नाव मी वर्गात हमखास फळ्यावर लिहितो. मराठीत ‘आपली’ म्हणजे आदरार्थी ‘तुमची’ आणि ‘आपली’ म्हणजे बोलणारा व ऐकणारा दोघांची मिळून. निवेदक ‘आपली आवड’ म्हणतो तेव्हा तो श्रोत्याला मान देतो की त्याला आपल्यात घेतो? दोन्ही. एका श्रोत्याने मागितलेले गाणे हजारो घरांत वाजते आणि त्याची आवड सर्वांची होते, निदान तीन मिनिटे. ज्याला ते गाणे नको होते त्यालाही ते ऐकावे लागते. सार्वजनिक माध्यमाची सारी गंमत आणि सारी कटकट या एका सर्वनामात आहे.

६. मतभेदाचे चार आधार

श्रोत्यांची पत्रे आणि संभाषणे यांतून जी विधाने पुन्हा पुन्हा आढळतात, त्यांचे ढोबळ चार गट करता येतात.

पहिला, सोयीचा : ‘कार्यक्रम फार उशिरा लागतो’, ‘रविवारी सकाळी पाहुण्यांत ऐकता येत नाही’. यात कलेविषयी काही नाही. पण दिवसभर राबणाऱ्या गृहिणीचा शनिवार आणि नोकरदाराचा शनिवार एक नसतो, हे यातून कळते.

दुसरा, हक्काचा : ‘आम्ही टपाल कचेरीत जाऊन लायसनचे पैसे भरतो, आमच्या भाषेतली गाणी किती लावता?’ सीमाभागात हा आधार विशेष तीव्र. आपली भाषा हवेतून ऐकू येणे ही तिथे केवळ करमणुकीची बाब राहत नाही. आपण इथे आहोत याची ती खूण ठरते.

तिसरा, संस्काराचा : ‘मुलांच्या कानावर काय पडते ते पाहा.’ इथे बोलणारा स्वतःबद्दल बोलत नाही. दुसऱ्याच्या रुचीची काळजी वाहतो. या आधारावरच्या विधानांकडे जरा सावधपणे पाहावे.

चौथा, आस्वादाचा : ‘विलंबित फार लवकर आटोपले’, ‘शब्द तानेत हरवले’. अशी विधाने संख्येने कमी. पण समीक्षा इथूनच सुरू होते, कारण यात ऐकलेल्या गोष्टीचा पुरावा आहे.

वाद पेटतो तो बहुधा एकाने हक्काचे विधान केले आणि दुसऱ्याने त्याला संस्काराचे उत्तर दिले म्हणून. आधार ओळखता आला तर निम्मे भांडण तिथेच ओसरते. उरलेले निम्मे मात्र खरे असते, आणि ते व्हायलाच हवे.

७. वर्गासाठी

शिक्षकमित्रांना एक साधा प्रयोग सुचवतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील साठीच्या पुढील दोन व्यक्तींना शनिवार-रविवारच्या रेडिओसंगीताविषयी विचारावे. उत्तरे प्रमाणभाषेत न आणता जशी बोलली तशी लिहावीत. मग प्रत्येक विधानापुढे वरील चारपैकी आधार नोंदवावा. शेवटी आपल्याला न पटलेल्या एका मताची बाजू शंभर शब्दांत, त्या व्यक्तीला मान्य होईल अशा रीतीने मांडावी. शेवटची पायरी सर्वांत अवघड जाते. माझ्या वर्गात ‘छान’ आणि ‘बोअर’ हे शब्द बाद असतात. त्याऐवजी काय ऐकले ते सांगावे लागते.

घरात एकच सेट होता तेव्हा आवडीसाठी भांडावे लागे, आणि भांडण्यासाठी शब्द लागत. ‘आवाज बारीक कर’ म्हणणाऱ्याला ‘ही जागा ऐक, मग कर’ असे उत्तर देताना माणूस नकळत समीक्षक होई. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे, प्रत्येकाची यादी स्वतंत्र आहे आणि ती यादी त्याला आधीच आवडलेले तेच पुन्हा आणून देते. कोणालाही नको ते ऐकावे लागत नाही. ही सोय मीही वापरतो आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु नावडते सहन करीत ऐकण्याचा आणि आवडते समजावून सांगण्याचा जो सराव घराने आपोआप करून घेतला, तो आता कोणीतरी मुद्दाम करून घ्यायला हवा. भाषेच्या वर्गाइतकी त्याला योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. ‘ज्याची त्याची आवड’ या वाक्यानंतर पूर्णविराम न देता ‘कारण’ हा शब्द लिहायला विद्यार्थी शिकला, तर तेवढा अभ्यासक्रम पुरेसा आहे.